कोल्हापूरच्या परड्यात ब्लॅककरंट नव्हे, करवंद: लावण्यापासून बरणीपर्यंत

ब्लॅककरंटचं रोप कुठं मिळेल, कुंडीत येईल का, असं कोल्हापुरात हल्ली बरेच जण विचारतात. रोप मागवलं तर येईलही, पण ते इथं फळणार नाही. ब्लॅककरंट, शास्त्रीय नाव रायबीस नायग्रम, हे थंड मुलखाचं झुडूप आहे. हिवाळ्यात ७ अंशांच्या खाली साधारण ८०० ते १५०० तास काढल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १४-१५ अंशांच्या आसपास असतो. ७ अंशांच्या खाली तो जातच नाही म्हटलं तरी चालेल. मग डोळे उशिरा आणि विस्कळीत फुटतात, फूल धरत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा करपतात. कुंडी फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. हजार तास म्हणजे जवळजवळ सहा आठवडे झाले. ते जमवलं तरी पुढचा उन्हाळा कुठं टाळणार?

लक्ष्मीपुरीत सुक्यामेव्याच्या दुकानात ‘ब्लॅक करंट’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा बारीक काळं बेदाणं असतं, म्हणजे द्राक्षच. ‘करंट’ हा शब्दही ग्रीसमधल्या कोरिंथ गावाच्या छोट्या द्राक्षांवरून आलेला आहे, आणि त्या द्राक्षांचा या झुडपाशी काही संबंध नाही.

ब्लॅककरंट स्वयंपाकघरात करतं काय? आंबट असतं, सरबताला गडद रंग देतं, आणि त्याचा जॅम बाहेरून पेक्टिन, म्हणजे फळातला घट्टपणा आणणारा पदार्थ, न घालता धरतो. ही तिन्ही कामं करणारं झुडूप पन्हाळ्याच्या उतारावर, गगनबावड्याच्या जांभ्या कातळावर आपसूक वाढतं. ते म्हणजे करवंद. संस्कृतात करमर्द, शास्त्रीय नाव कॅरिसा करंडास, कुळ कण्हेरीचं. मे महिन्यात शाहूवाडी, पन्हाळ्याकडच्या बायका बुट्टीत घेऊन बसतात तीच ही काळी मैना. हे झाड दारात लावून त्याचं फळ वर्षभर कसं वापरायचं, ते आम्ही करतो त्या क्रमानं पुढं दिलं आहे.

रोप निवडताना

रानातून रोप उपटून आणू नका. करवंदाचं मूळ खोल आणि सरळ जातं. उपटताना ते तुटतं आणि रोप महिनाभरात वाळतं. राधानगरी-दाजीपूरसारख्या अभयारण्यातून तर काडीसुद्धा आणता येत नाही.

बियांचं रोप स्वस्त असतं, पण आईसारखं फळ देईलच याचा भरवसा नाही. एकाच झाडाच्या बियांतून एक आंबटढाण, एक गोडसर, एक बारीक फळांचं, असं काहीही निघतं. त्यामुळं बियांची रोपं लावायची तर चार-पाच लावावीत आणि फळ बघून नको ती काढावीत. हे कुपाटीला, म्हणजे झाडांच्या कुंपणाला, ठीक आहे. खाण्यासाठी एक-दोनच झाडं लावायची असतील तर गुटीचं, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं, रोप घ्यावं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात आपल्याकडच्या हवेला चांगली. पंतनगरच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा या जातीही रोपवाटिकांत दिसतात.

एक फसगत नेहमीची आहे. शोभेच्या झाडांमध्ये करवंद म्हणून नाताळ प्लम, म्हणजे कॅरिसा मॅक्रोकार्पा, हातात देतात. त्याची पानं जाड आणि चकचकीत, काटे ठसठशीत आणि टोकाला दुभागलेले, फूल चांगलं मोठं, फळ लांबट. मुख्य खूण अशी की ते पिकलं तरी लालच राहतं, काळं होत नाही. खायला चालतं, पण करवंदाचा वास आणि रंग त्यात नाही. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये, फळ लागलेलं असताना रोप घ्यायला जावं.

बी पेरायचं असेल तर पूर्ण काळ्या फळातलं काढून, धुऊन, एक दिवस सावलीत सुकवून आठवड्याच्या आत पेरावं. करवंदाच्या बीची उगवण झपाट्यानं कमी होते. पुढच्या वर्षासाठी डबीत जपून ठेवलेलं बी सहसा वाया जातं. एक सेंटीमीटर खोल पेरलं की दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. पुढची वाढ संथ असते, रोप जमिनीत लावण्याजोगं व्हायला वर्ष लागतं.

जागा आणि खड्डा

दिवसभराचं ऊन हवं. अर्धसावलीत झाड हिरवंगार दिसतं, पण फुलं मोजकीच येतात. जाण्यायेण्याच्या वाटेपासून चार फूट तरी आत लावावं. काटा जोडीनं असतो, कडक असतो आणि चपलेतून आरपार जातो.

कोल्हापुरात खरी अडचण मातीची आहे. शहराच्या बऱ्याच भागात, विशेषतः पंचगंगेच्या बाजूला, काळी चिकण माती आहे. करवंद कमी पाण्यावर जगतं, खडकाळ आणि चुनखडीच्या जमिनीतही जगतं, पण पाय ओले राहिलेले त्याला चालत नाहीत. जुलैत आठ-पंधरा दिवस बुडाशी पाणी साचलं की आधी खालची पानं पिवळी पडतात, मग एखादी फांदी शेंड्याकडून वाळते. पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी पाणी घालतात आणि झाड जातं. असं झाड उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, साल हातात सोलून येणारी असतात.

म्हणून काळ्या मातीत खड्ड्यापेक्षा उंचवटा महत्त्वाचा. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा मेच्या सुरुवातीला काढून उन्हात तापू द्यावा. भरताना निघालेली अर्धी माती, तेवढाच मुरूम, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड एकत्र करावी. हे मिश्रण जमिनीच्या वर एक फूट येईल असं रचावं आणि रोप त्या ढिगावर लावावं. खड्ड्याच्या तळाला नुसती खडी घालून भागत नाही. चिकण मातीतला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो आणि खडी त्या पाण्यातच बसते. तांबड्या किंवा मुरमाड जागेत, पन्हाळ्याच्या वाटेवर आहे तशा, ढीग लागत नाही. सपाट लावलं तरी चालतं.

लावणी जूनचे पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर करावी. सुटं झाड असेल तर दोन झाडांत आठ फूट, कुपाटी करायची असेल तर अडीच-तीन फूट अंतर ठेवावं. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवावी. ब्लॅककरंट दोन इंच खोल लावतात, कारण त्याला जमिनीखालून नवी खोडं हवी असतात. ती रीत इथं लावली तर करवंदाचं खोड कुजतं.

गच्चीवर लावायचं तर दोनशे लिटरचं पिंप आडवं कापून त्याचा अर्धा भाग वापरावा, तळाला बोटभर जाडीची सात-आठ भोकं पाडावीत. त्याहून लहान कुंडीत झाड जगतं, पण फळ मूठभर मिळतं.

पाणी तोडण्याची वेळ

पहिली दोन वर्षं पावसाळा संपल्यावर आठवड्याला दहा लिटर पाणी पुरतं. या काळात बुडापासून एक फुटापर्यंतचे फुटवे काढून चार-पाच खोडं ठेवावीत. गुटीचं झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतं, बियांचं तिसऱ्या-चौथ्या.

झाड फुलायला लागलं की पाण्याची पद्धत बदलते. बागेतलं करवंद फुलत नाही अशी तक्रार असते, तेव्हा दहातल्या आठ ठिकाणी कारण एकच सापडतं: झाड लॉनच्या किंवा भाजीच्या वाफ्याच्या कडेला असतं आणि त्याला हिवाळाभर रोज पाणी मिळतं. असं झाड नुसती पालवी काढत राहतं. डोंगरावरच्या करवंदाला ऑक्टोबरनंतर थेंबभर पाणी मिळत नाही आणि ते फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांनी भरून जातं. आम्ही नोव्हेंबरच्या मध्यापासून फूल दिसेपर्यंत जमिनीतल्या मोठ्या झाडाला पाणी देत नाही. पानं थोडी मलूल, निस्तेज होतात, घाबरू नये. कुंडीतल्या झाडाला मात्र पूर्ण कोरडं ठेवता येत नाही, त्याला दहा दिवसांनी दोन-तीन लिटर द्यावं.

फुलं जानेवारीअखेर सुरू होतात आणि मार्चपर्यंत येत राहतात. तारेसारखी, पांढरी, मोगऱ्याच्या अंगानं जाणारा वास. या दिवसांत कसलीच फवारणी करू नये, कडुनिंबाच्या तेलाचीही नाही. फळ धरतं ते मधमाश्या आणि पतंगांमुळं.

फळ मिऱ्याएवढं झालं की पाणी पुन्हा सुरू करावं: आठ-दहा दिवसांनी पंधरा लिटर, बुडाशी वाळक्या पाल्याचं किंवा उसाच्या पाचटाचं चार बोटं आच्छादन. पाचट खोडाला चिकटून नसावं. इथं नियमितपणाला महत्त्व आहे. महिनाभर कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की निम्मी फळं गळतात, उरलेली तडकतात. मेमध्ये वळीव आला तरी तसंच होतं. म्हणून आभाळ भरून आलेलं दिसलं की लालसर झालेली फळं पावसाआधी काढून घ्यावीत, त्यांचा जेलीला उपयोग होतो.

कीड फार नसते. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कोवळ्या शेंड्यांवर बसतात. त्यांच्या गोड स्रावावर काळी बुरशी चढते, पानं काजळी धरल्यासारखी दिसतात. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की समजावं. भरलेला शेंडा कापून जाळावा, बाकी झाडावर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली द्रव साबण असं मिश्रण संध्याकाळी फवारावं, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. मुंग्या बंद झाल्या की कीडही आटोक्यात येते. बुलबुल येतात आणि पिकलेलं फळ नेतात. जाळी टाकली तर काट्यांत अडकून फाटते, आणि पाखरंही अडकतात. वरचा हातभर भाग त्यांना सोडावा.

तोडणी रंग बघून

करवंद एकाच दिवशी सगळं पिकत नाही, आणि हीच त्याची सोय आहे. एकाच झाडावरून तीन वेगळी फळं मिळतात म्हटलं तरी चालेल. हिरवं, पूर्ण भरलेलं पण टणक फळ मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत मिळतं, ते लोणच्याचं आणि चटणीचं. लाल ते जांभळट फळ एप्रिलअखेरपासून मिळतं. त्यात आम्ल आणि पेक्टिन दोन्ही भरपूर, ते जेलीचं आणि पाकात सुकवायचं. काळं, बोटानं दाबलं जाणारं फळ मेमध्ये, ते खायचं आणि सरबताचं. जेलीसाठी नुसतं काळं फळ वापरलं की जेली धरत नाही, कारण पिकताना पेक्टिन मोडत जातं. काळं फळ लोणच्यात घातलं तर आठवड्यात त्याचा लगदा होतो.

हिरवं फळ देठापासून तोडलं की पांढरा चीक येतो. तो चिकट असतो आणि कपड्यावरचा डाग जात नाही. हातांना खोबरेल लावून, जाड कातडी हातमोजे घालून तोडावं. चीक सुटलेलं फळ तसंच ढिगात ठेवलं तर एकमेकांना चिकटतं, म्हणून बुट्टीऐवजी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकत जावं. पाच लिटर पाण्याला दोन मुठी मीठ. काळं फळ तोडू नये, खाली जुनं धोतर किंवा चादर अंथरून फांदी काठीनं हलवावी. पिकलेलं तेवढंच पडतं. तोडणी सकाळी करावी. काळं फळ बाहेर दोन दिवस टिकतं, हिरवं आठवडाभर.

घरात लहान मुलं असतील तर एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी. करवंदाला चीक असतो तसाच पिवळ्या कण्हेरीलाही, म्हणजे बिट्टीलाही असतो. ती याच कुळातली आहे आणि तिचं फळ जीवघेणं विषारी असतं. दोन्ही झाडं शेजारी लावू नयेत.

हिरव्याचं लोणचं

एक किलो हिरवी करवंदं रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावीत. सकाळी पाण्यावर चिकाचे पांढरे धागे तरंगतात, ते पाणी ओतून टाकावं. फळं दोनदा धुऊन कपड्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. उभी चिरून आत बी कडक झालं असेल तर काढावं, कोवळं असेल तर राहू द्यावं. दीडशे ग्रॅम मीठ आणि पंधरा ग्रॅम हळद चोळून दोन दिवस बरणीत ठेवावं, रोज हलवावं. मग पाऊणशे ग्रॅम मोहरीची डाळ, साठ-सत्तर ग्रॅम लाल तिखट, तेलात तळून कुटलेली दहा ग्रॅम मेथी, पाच ग्रॅम हिंग घालावा. पाव लिटर तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून ओतावं. फळं तेलाखाली बुडाली पाहिजेत. वर राहिलेल्या फोडीवरच बुरशी येते. इथल्या घरात तिखटाऐवजी कांदा-लसूण मसाला घालायचा मोह होतो. त्यातला कांदा-लसूण लोणचं टिकू देत नाही. तो मसाला ताज्या चटणीत वापरावा: वाटीभर हिरवी करवंदं, चमचाभर मसाला, मीठ, लिंबाएवढा गूळ, जाडसर वाटून. भाकरीबरोबर त्याच दिवशी संपते.

जेली

जेली हे करवंदाचं सगळ्यात चांगलं रूप, आणि चुकाही इथंच सगळ्यात जास्त होतात.

पाऊण किलो लाल-जांभळी आणि पाव किलो काळी फळं घ्यावीत. लालमुळं जेली धरते, काळ्यामुळं रंग आणि वास येतो. धुऊन, देठ काढून स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात पाऊण लिटर पाण्यात घालावीत. ॲल्युमिनियम किंवा लोखंड वापरू नये. आम्ल धातू खातं आणि लाल रंग काळपट निळा होतो. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवून लाकडी डावानं हलकं ठेचावं. मिक्सर लावू नये, बिया फुटल्या की कडवट चव उतरते. शिजताना वर चिकट फेस येतो, तो चिकाचा असतो, काढत जावं. पातेल्याच्या कडेला त्याचं कडं बसतं आणि साबणानं निघत नाही. आधी तेल चोळून पुसायचं, मग घासायचं.

मलमलीच्या ओल्या फडक्यात ओतून रात्रभर टांगून ठेवावं. फडकं पिळलं की गर उतरतो आणि जेली गढूळ होते. सकाळी साधारण पाऊण लिटर रस मिळतो. फडक्यातला चोथा टाकू नये. अर्धा लिटर पाणी घालून पुन्हा दहा मिनिटं उकळून गाळला की आमटीला, माशाच्या कालवणाला आंबट म्हणून चालतो.

साखर रसाच्या प्रमाणात, फळाच्या नव्हे. एक लिटर रसाला पाऊण किलो. रस आधी उकळू द्यावा, मग साखर घालावी, विरघळेपर्यंत आच मंद ठेवावी आणि नंतर मोठ्या आचेवर भराभर आटवावं. पातेलं पसरट हवं आणि निम्म्यापेक्षा जास्त भरलेलं नको. उंच पातेल्यात वेळ लागतो, आणि जास्त वेळ उकळलं की आम्लामुळं पेक्टिन मोडतं.

थर्मामीटर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुस्तकांत जेली १०५ अंशांवर होते असं लिहिलेलं असतं. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. पन्हाळ्यावर आणखी एक अंश खाली. १०५ ची वाट पाहत बसलं तर जेली चिवट, रबरासारखी होते. आपल्या स्वयंपाकघरात आधी साधं पाणी उकळून आकडा बघावा आणि त्यात साडेचार मिळवावेत. शहरात हे उत्तर १०२.५ ते १०३ च्या दरम्यान येतं. थर्मामीटर नसेल तर बशी फ्रीजमध्ये गार करून तिच्यावर एक थेंब टाकावा, मिनिटभरानं बोटानं ढकलावा. साय धरून सुरकुती पडली की गॅस बंद. तपासताना पातेलं आचेवरून खाली घ्यावं, नाहीतर तेवढ्यात पुढं जातं.

बिघडली तर कारण शोधता येतं. पाकासारखी पातळ राहिली असेल तर फळ जास्त पिकलेलं होतं, वळीव झाल्यावरचं पाणचट होतं किंवा आटवणं कमी पडलं. यावर अर्धी वाटी हिरव्या करवंदांचा रस घालून पुन्हा आटवता येतं. चिवट झाली तर आटवणं जास्त झालं किंवा साखर कमी पडली. चार दिवसांनी वर पाणी सुटलं तर आम्ल जास्त होतं, पुढच्या वेळी काळ्या फळांचं प्रमाण थोडं वाढवावं. साखरेचे खडे बनले तर साखर जास्त होती किंवा पातेल्याच्या कडेला चिकटलेली साखर ओल्या फडक्यानं पुसली नव्हती.

गुळाची जेली होत नाही, गढूळ आणि तपकिरी होते. कोल्हापुरी गूळ मुरंब्याला मात्र उत्तम: बिया काढलेली लाल करवंदं एक किलो, चिरलेला गूळ एक किलो, मंद आचेवर पाक बोटाला चिकटेपर्यंत. गूळ ओल धरतो, त्यामुळं जूनच्या आधी संपवावा किंवा फ्रीजमध्ये ठेवावा.

सरबत आणि सुकं करवंद

सरबताला पूर्ण काळी फळं. एक किलोला पेलाभर पाणी घालून वाफ येईपर्यंतच गरम करावं, हातानं कुस्करावं, गाळावं. एक लिटर रसाला दीड किलो साखर, पाऊण लिटर पाणी. साखर पाण्यात उकळून, गाळून, गार झाल्यावर रसात मिसळावी. वर्षभर ठेवायचं असेल तर संपूर्ण मिश्रणाला दोन ग्रॅम सोडियम बेंझोएट थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घालावं. लिंबाच्या सरबताला वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथं चालत नाही, त्यानं लाल रंग उडतो.

केकवर जी लाल ‘चेरी’ असते ती आपल्याकडं बहुतेक वेळा पाकवलेलं आणि रंगवलेलं करवंदच असतं. तेच रंगाशिवाय करून सुकवलं की ब्लॅककरंटच्या जागी केकमध्ये, शिऱ्यात घालता येतं. एक किलो जांभळी फळं अर्धी करून बिया काढाव्यात. अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाण्याचा पाक उकळून त्यात सोडावीत, झाकून ठेवावीत. दुसऱ्या दिवशी फळं काढून पाकात पाव किलो साखर घालून उकळावं, कोमट करून फळं परत घालावीत. तिसऱ्या दिवशी आणखी पाव किलो. पहिल्याच दिवशी घट्ट पाकात टाकलं तर फळातलं पाणी एकदम बाहेर येतं आणि साल आक्रसून चामड्यासारखी होते, म्हणून हा सावकाशपणा. पाचव्या दिवशी निथळून, गरम पाण्यातून एकदा काढून, स्टीलच्या जाळीवर मेच्या उन्हात वर पातळ कापड टाकून दोन-तीन दिवस ठेवावं. दाबल्यावर ओल येत नाही, पण बोटाला मऊ लागतं, तिथं थांबावं. उरलेला पाक सरबताला.

छाटणी आणि गुटी

ब्लॅककरंटची छाटणी हिवाळ्यात करतात. ते बघून करवंद डिसेंबरात छाटलं की त्या वर्षीचं पीक गेलंच, कारण करवंदाचे फुलांचे झुबके फांदीच्या टोकाला येतात आणि छाटणीत टोकंच जातात. योग्य वेळ शेवटचं फळ उतरल्यावर लगेच, साधारण मेअखेर ते १० जून. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात, बाकी झाड तिसऱ्या हिश्शानं आखडावं. पावसाची झड लागल्यावर कापू नये, जखमेतून बुरशी शिरून फांदी मागं वाळत येते. जाड जखमांवर एक टक्का बोर्डो मिश्रण लावावं: शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळावं. लोखंडी खिळा बुडवून बघावा. तांबूस थर आला तर चुना कमी आहे. हे त्याच दिवशी वापरावं. छाटणीनंतर झाडाला दोन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. युरिया देऊ नये, त्यानं नुसते लांब काटेरी फोक सुटतात.

गुटी जूनच्या शेवटी. ज्या झाडाचं फळ आवडलं त्याची पेन्सिलीएवढी, गेल्या वर्षीची फांदी निवडावी. टोकापासून दीड फुटावर इंचभर रुंदीची साल गोल काढावी. चीक वाहतो, तो थांबेपर्यंत ओल्या कापसानं पुसत राहावं. चीक वाळून बसला तर मूळ सुटत नाही. आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनं खरवडावा, वरच्या काठाला मूळ फुटण्याची पावडर लावावी, भिजवून पिळलेलं मॉस मूठभर बांधून त्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळावं. दोन-अडीच महिन्यांत पांढरी मुळं प्लास्टिकमधून दिसतात. दहा गुट्यांतल्या पाच-सहा साधतात, म्हणून हव्या त्याच्या दुप्पट बांधाव्यात. फांदी एकदम तोडू नये. आधी गुटीच्या खाली अर्धी कापून आठ दिवस तशीच ठेवावी, मग वेगळी करावी. निम्मी पानं काढून माती, मुरूम, शेणखत समप्रमाणात भरलेल्या पिशवीत लावावी आणि महिनाभर सावलीत ठेवावी. तेवढा हिवाळा आणि उन्हाळा रोप पिशवीतच काढतं, जमिनीत जातं ते पुढच्या जूनमध्ये.